फी शून्य, मग खर्च किती?

जर्मनीत इंजिनिअरिंग फुकट शिकवतात, ही बातमी आता आपल्या तालुक्यातालुक्यात पोचली आहे. ती बरीचशी खरी आहे. पण ती अर्धीच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात घरं अडकतात. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून मी अशी घरं पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

एकदा एक वडील मुलाला घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आणि सोबत मुलाच्या अक्षरातला एक कागद : ‘फी ०. राहणं-खाणं : काम करून.’ त्यांना कर्ज हवं होतं ते व्हिसा-तिकिटापुरतं आणि वर थोडं. मी विचारलं, ‘ब्लॉक्ड अकाउंटचं काय ठरवलंय?’ वडिलांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं जमिनीकडे. सातबारा तर मला परतच द्यावा लागला, कारण बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. फ्लॅट, बिगरशेती प्लॉट, मुदत ठेव, असं काही लागतं. ते नसलं की माणूस पतसंस्थेकडे वळतो, नाहीतर एकराचा सौदा करतो. ही वेळ निम्म्या रस्त्यात येऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथं पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात, एकदम काढता येत नाहीत. युरो शंभर रुपये धरला तर हे झाले जवळपास बारा लाख, तेही विमानात बसण्याआधी. युरो दहा रुपयांनी महागला की याच रकमेला १ लाख १९ हजार जास्त लागतात, म्हणून हिशेब आजच्या भावानं करू नका, चार पैसे चढा धरा. शिवाय मास्टर्स दोन वर्षांचं असतं. राहण्याचा परवाना वाढवताना पुढच्या काळाची सोय पुन्हा दाखवावी लागते, आणि दुसऱ्या वर्षाचा हा आकडा घरच्या कागदावर जवळजवळ कधीच नसतो.

‘फी शून्य’सुद्धा सगळीकडे नाही. श्टुटगार्ट, कार्ल्सरुह ही नामांकित विद्यापीठं ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, तिथं युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमेस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमेस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो लावले. चार सेमेस्टरचे कमीत कमी सोळा हजार युरो झाले. खासगी विद्यापीठांची गोष्ट आणखी वेगळी, त्यांची फी वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढेही जाते. एखादा सल्लागार एकाच खासगी कॉलेजाचा आग्रह धरू लागला, तर त्याला समोरासमोर विचारा, ‘हा प्रवेश झाला तर तुम्हाला पैसे कोण देणार?’ हे विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. तरी विचारा.

आता ९९२ युरोंत महिना कसा निघतो? आरोग्य विमा सक्तीचा आहे, त्याचे १४० युरोंच्या वर जातात. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरामागे १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. उरतं ते भाड्यावर अवलंबून. केम्नित्स, माग्देबुर्ग, इल्मेनाऊ अशा गावांत विद्यार्थी वसतिगृहात खोली तीनशेच्या आसपास मिळू शकते, म्युनिकमध्ये खासगी खोलीला सातशे-आठशे सहज लागतात. म्हणजे ज्या गावात प्रवेश घेता, त्या गावावर अख्खा हिशेब उलटतो. शिवाय खोलीची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते आणि ती पहिल्याच आठवड्यात मागतात. त्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटमधून फक्त एका महिन्याचे पैसे सुटलेले असतात. मुलाजवळ वेगळे हजार-दीड हजार युरो असू द्या.

आणि ‘काम करून’? काम मिळतं, कायद्यानं वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. पण बरी कामं जर्मन बोलणाऱ्याला आधी मिळतात, आणि पहिलं सेमेस्टर अभ्यास सावरण्यातच जातं. पहिल्या वर्षी कमाईच्या रकान्यात शून्य लिहा. मिळालं तर मुलाची गंगाजळी होईल. भाषेचा क्लास मात्र इथंच लावा. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा चांगल्या खासगी शिक्षकाकडे घातलेले ते पैसे तिथं लवकर वसूल होतात.

कर्जाचंही तसंच. शिकत असताना हप्ता नाही, हे ऐकून लोक निर्धास्त होतात. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. वीस लाखांवर दहा टक्क्यांनी अडीच वर्षांत पाच लाख साठतात, ते मुद्दलात मिळतात, आणि मग पंचवीस लाखांचा दहा वर्षांचा हप्ता ३३ हजारांच्या घरात जातो. जमत असेल तर निदान व्याज तरी दर महिन्याला भरत राहा. मुलाला नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला तर हा हप्ता घरातला कोण भरेल, त्याचं नाव आधी ठरू द्या. ते नाव निवृत्त वडिलांचं असेल, तर कर्जाची रक्कम कमी करा किंवा स्वस्त गाव शोधा.

ते वडील दोनेक महिन्यांनी पुन्हा आले. या वेळी कागद दोन पानी होता आणि मुलगा खाली बघत नव्हता. म्युनिक कापून त्याखाली केम्नित्स लिहिलं होतं, अनामतीची ओळ होती, दुसऱ्या वर्षाचाही आकडा होता. सातबारा त्यांनी घरीच ठेवला होता.

तुम्हीही असा कागद मुलासोबत बसून लिहा, मोबाइलवर नको, वहीच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा. आपल्या पदव्या तपासणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८ हजार रुपये हा या वाटेवरचा पहिला मोठा खर्च असतो. ते भरण्याआधी हे पान भरलेलं असू द्या.