वाऱ्याला रकाना नाही

परवा कँटीनमधे जेवताना एकाने विचारलं, "तुमच्या अकोल्याकडे कसलं रे वादळ? समुद्र तरी आहे का जवळपास?" सगळे हसले. मीही हसलो (हापिसात हसावं लागतं). पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. शनिवार सकाळ आहे, चहा झालाय, तर आज लिहूनच टाकतो. जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या मंडळी.

तर आमचं गाव अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. अडीच एकर केळी, बाकी कपाशी नि तूर. मे २०२३ मधली गोष्ट. दुपारचे साडेचार वाजले असतील. मी इथे पुण्यात कुठल्यातरी रिलीजच्या कॉलवर होतो. घरी आई, बाबा, आजी आणि धाकटा भाऊ. बाबा सांगतात, आधी सगळं एकदम थांबलं. पान हलेना. मग डोंगराच्या अंगाने मातीची भिंत चालत आल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि ते काय आहे हे कळेपर्यंत ते अंगणात होतं. आमच्याकडे याला वावधन म्हणतात. भावाने दार लावलं तर कडीच निघून हातात आली. मग त्याने नि बाबांनी खाट दाराला लावली आणि दोघं पाठ टेकवून बसले. आईने आजीला तखताखाली सरकवलं आणि स्वतः अर्धी आत, अर्धी बाहेर. पुढच्या खोलीची टिनं आधी फडफडली, मग लाकडी फाट्यांसकट गेली. पुढच्या खोलीत कापूस होता.

हा कापूस म्हणजे एक वेगळीच रडकथा आहे. २०२२ मधे कापसाने क्विंटलला दहा हजार ओलांडले होते, म्हणून २०२३ मधे भाव पडल्यावरही वऱ्हाडातल्या निम्म्या घरांनी माल विकला नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल करत करत मे उजाडला. आमच्याही घरात ढीग तसाच होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. वर छप्पर नाही म्हटल्यावर जो काही थोडा पाऊस झाला तो बरोब्बर त्याच्यावर.

सगळं मिळून वीस मिनिटं. टॉवर बंद, लाइन गेलेली. मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला, तोही अकोटला जाऊन कुणाच्या तरी मोबाईलवरून. "केयी झोपली पुरी. टिना गेल्या. मानसं साबूत हायेत. तू काही येऊ नको, येऊन काय करशीन?" अर्थात मी गेलो. घडावर आलेली बाग रोलर फिरवल्यासारखी एका दिशेला झोपलेली होती, आणि शेजारच्या वावरातली, दोनशे पावलांवरची, निम्मी उभी. आमच्या घराचं एक टीन शाळेमागच्या बाभळीत गुंडाळलेलं सापडलं. ते माणसाला लागलं असतं तर काय, हा विचार मी तेव्हा केला नाही. पुण्यात परत आल्यावर रात्री केला.

आता मुद्द्यावर येतो. बाबांनी अर्ज लिहिला, वर विषय: 'चक्रीवादळामुळे झालेले नुकसान'. पंचनाम्याला आलेल्या माणसाने (वाईट नव्हता बिचारा, चाळीस गावं अंगावर घेऊन फिरत होता) तो वाचला आणि म्हणाला, "भाऊ, चक्रीवादळ समुद्रात होते. हे नाही चालत." त्याने ते खोडून निळ्या पेनने वर 'अवेळी पाऊस' लिहिलं. दोन दिवसांनी वरून विचारणा झाली, त्या दिवशी मंडळात पाऊस तर चारच मिलिमीटर आहे, मग पावसाने नुकसान कसं? म्हणजे वारा म्हणाल तर यादीत नाही, पाऊस म्हणाल तर आकड्यात नाही! कोडमधे असा बग सापडला तर आपण रात्रीच्या रात्री पॅच टाकतो. इथे बागच्या बाग त्या फटीतून खाली गेली.

मी तिथेच बसून ती यादी शोधली. केंद्राच्या आपत्तींत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, टोळधाड, कडाक्याची थंडी असं सगळं आहे. हिमस्खलन आणि त्सुनामीवर आमच्या गावाला रीतसर हक्क आहे. राज्याने त्यात आपल्या भर घातल्या: अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, आकस्मिक आग आणि समुद्राचं उधाण. एप्रिल २०२३ मधे सततच्या पावसालाही आपत्ती मानायचं ठरलं, चांगलंच झालं. पण नुसता वारा? मदतीच्या जीआरच्या मथळ्यात 'अवेळी पाऊस, गारपीट व वादळी वारे' असं कधीकधी येतं, म्हणजे वाऱ्याने पावसाचं बोट धरून यायचं. एकटा आला तर त्याला रकाना नाही.

आणि रकाना मिळाला तरी काय मिळतं तेही बघा. तेव्हाचा केंद्राचा दर बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, तोही ३३ टक्क्यांहून कमी नुकसान असेल तर शून्य. (नंतर राज्याने दर कधी वाढवला, कधी परत केंद्राच्या आकड्यावर आणला.) अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर, पाच बाय पाचावर साडेचार हजारांच्या आसपास झाडं. झाडामागे पाच रुपये. टिश्यू कल्चरचं रोपसुद्धा त्यात येत नाही, आणि पडलेली बाग तोडून बाहेर काढायची मजुरी वेगळीच. घराची पडझड किमान १५ टक्के असेल तर कच्च्या घराला ४,००० रुपये. भिजलेल्या कापसाचा प्रश्नच नाही. पीक म्हणावं तर शेतात नाही, भांडीकुंडी म्हणावं तर तेही नाही.

विमा नव्हता का, असं विचाराल. होता ना. केळीच्या हवामान आधारित विम्यात वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला पाहिजे आणि नुकसान ७२ तासांत कळवलं पाहिजे. बाबांनी अकोटहून कळवलं होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, मंडळाच्या केंद्रावर ४० भरला नाही. केंद्र आमच्यापासून अकरा किलोमीटरवर! आता जरा सॅम्पलिंग आठवा, सेकंड इयरला सगळ्यांनी घासलंय. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, त्याला वीसेक गावांत एक यंत्र पुरेल. उन्हाळ्यातल्या गडगडाटी ढगातून थंड हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चौफेर फुटते, तिचा पट्टा कित्येकदा तीन-चार किलोमीटरचाही नसतो. दोनशे पावलांवरची बाग उभी राहते ती त्यामुळेच. असली गोष्ट अकरा किलोमीटरवरून मोजणं म्हणजे शेजारच्या बिल्डिंगचा ताप बघून मला क्रोसिन द्यायची की नाही ते ठरवणं. आणि वारा मोजायचं साधं यंत्र माझ्या फोनपेक्षा स्वस्त येतं. ग्रामपंचायतीच्या छपरावर एक बसवायला कुणाचं काय जातं?

माझ्या टीममधे एक श्रीवर्धनचा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्याच्या आजोळची नारळी-पोफळीची वाडी गेली, कित्येक दिवस गाव अंधारात होतं. त्यांचं दुःख माझ्याहून लहान नाही, तो मुद्दाच नाही. पण त्याच्या आजीला दोन दिवस आधी माहीत होतं. टीव्हीवर नकाशा होता, वादळाला नाव होतं, शाळेत हलवायला माणसं आली होती. पुढे राज्याने निसर्गग्रस्त फळबागांना हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,००० दिले. योग्यच केलं. म्हणजे ठरवलं तर नियम वाकतात. ठरवायला नाव लागतं, नकाशा लागतो. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मधे फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. समुद्र तोच होता. मधल्या चौदा वर्षांत त्या वाऱ्याला कुणीतरी गंभीरपणे घेतलं, एवढंच.

आमच्याकडे काय? नागपूरच्या डॉप्लर रडारचा किरण सव्वादोनशे किलोमीटरवरच्या अकोल्यापर्यंत येईतो जमिनीपासून काही किलोमीटर वर गेलेला असतो. खालचं त्याला दिसणार कसं? मग मोबाईलवर 'तुरळक ठिकाणी विजांसह वादळी वारे' असा अख्ख्या जिल्ह्याला एकच मेसेज येतो. तो उन्हाळ्यात इतक्यांदा येतो की बाबा आता उघडतसुद्धा नाहीत.

आमच्या आधी महिनाभर, ९ एप्रिल २०२३ ला, रविवारी संध्याकाळी अकोला जिल्ह्यातल्याच पारसला बाबूजी महाराज संस्थानात लोक जमले होते. वारा-पाऊस सुटला म्हणून टिनाच्या शेडखाली उभे राहिले. शेजारचा जुना, मोठा कडुलिंब शेडवर पडला. सात माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. दोन दिवस बातम्यांत होतं. सगळीकडे शब्द एकच, 'दुर्घटना'. झाड पडलं. जणू झाडाच्याच मनात आलं! बाबा तेव्हा फोनवर म्हणाले होते, "झाड काहून पडन रे? वाऱ्यानं पाडलं." मी "हो ना" म्हणून विषय बदलला होता. पावसात लोक टिनाखालीच जाणार, आणि टिनाची शेड सावलीसाठी मोठ्या झाडाला लागूनच बांधलेली असणार. देवळं, बसथांबे, आठवडी बाजार, सगळीकडे हेच. ज्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात वावधन येतं तिथे अशा शेडांची एकदा तरी मोजणी व्हायला नको? पण मोजणी आपत्तीची होते, दुर्घटनेची चौकशी होते.

आता एक आक्षेप येणार हे मला माहितीये. प्रत्येक झुळकेला आपत्ती म्हटलं तर तिजोरी पुरेल का, आणि खोटे पंचनामे किती होतील? खोटे होतात. आमच्याच गावात उभ्या बागेचं नाव यादीत आलं, कुणाचं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण ते झालं कशामुळे? वारा कुणी मोजलाच नव्हता! आकडा नसला की ज्याची ओळख त्याचा पंचनामा. माझं मागणं जास्त पैशांचं नाहीच आहे. ३३ टक्क्यांचा आकडा ठेवा, हेक्टरांची मर्यादा ठेवा, पण यादीत 'वादळी वारा' हे दोन शब्द घाला आणि तो मोजायला गावागणिक एक यंत्र लावा. बाकीचं भांडण आम्ही आकड्यांवर भांडू.

घराचे चार हजार सात महिन्यांनी आले. आईने त्यातून पाच टिनं आणली, उरलेली भावाने उधारीवर. यावेळी त्याने फाट्यांना तार गुंडाळून घेतलीये आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेत, शिवाय आजीचं जुनं जातं. केळीच्या अर्जाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. सोमवारी कँटीनमधे नेणार आहे. 'चक्रीवादळ' खोडलेलं, वर निळ्या पेनने 'अवेळी पाऊस', आणि समासात दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात, 'पर्जन्यमान तपासावे'.