घड्याळ चुकले की वाट चुकते

वाचकहो, नदीच्या पैलतीरावर परीट कपडे धूत असता आपण पाहिले असेलच. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो, आवाज मागाहून कानी येतो. आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा त्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर परीट १७० मीटरांवर आहे, हे जागचे न हलता सांगता येते. वेळ मोजली की अंतर कळते, एवढे सूत्र ध्यानी धरावे.

मासेमारीच्या होडीवर किंवा आपल्या मोबाइलमध्ये स्थान दाखविणारे जे यंत्र असते, ते हाच हिशेब करते. मात्र आवाजाच्या जागी तेथे रेडिओलहरी असतात आणि परटाच्या जागी उपग्रह. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. ‘मी अमुक ठिकाणी आहे, आता अमुक वेळ झाली आहे,’ असा संदेश प्रत्येक उपग्रह अखंड धाडीत असतो. तो किती वेळाने पोचला, यावरून अंतर निघते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरावी. परंतु आपल्या यंत्रातील घड्याळ साधे असते, म्हणून त्याची चूक काढावयास चौथा उपग्रह लागतो.

खरी मेख येथेच आहे. रेडिओलहरी सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. उपग्रहाचे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर ३०० मीटरांनी चुकते. काळोख्या रात्री खडक चुकवीत बंदरात शिरणाऱ्या तांडेलास हा जीवनमरणाचा प्रश्न होय!

मग इतके नेमके घड्याळ आणावयाचे कोठून? लंबक उन्हाने लांबतो. क्वार्ट्झच्या स्फटिकाची चालही काळाने बदलते. परंतु एका जातीचे सारे अणू अगदी सारखे असतात आणि ते कधी झिजत नाहीत. रुबिडियमचा अणू सेकंदास सुमारे ६८३ कोटी कंपनांच्या लहरीलाच प्रतिसाद देतो. स्फटिक किंचित ढळला, की हा प्रतिसाद मंदावतो आणि यंत्र स्फटिकास पुन्हा ताळ्यावर आणते. १९५५ साली इंग्लंडात लुई एसेन व जॅक पॅरी यांनी सेसियमच्या अणूंवर चालणारे घड्याळ सिद्ध केले. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सेसियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बेतलेली आहे.

आणखी एक नवल पहा. उंचावर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळे जीपीएसचे घड्याळ दिवसास सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते आणि वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. हे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तावरून आधीच ठाऊक होते. म्हणून उपग्रह सोडण्यापूर्वीच त्याच्या घड्याळाची चाल किंचित मंद करून ठेवतात.

आपल्या देशालाही या बाबतीत धडा मिळाला आहे. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी उडाला. त्यात परदेशी बनावटीची तीन रुबिडियम घड्याळे होती. ती तिन्ही बंद पडल्याचे २०१७ च्या आरंभी जाहीर झाले. उपग्रह आकाशात होता, संदेशही पाठवू शकत होता. परंतु घड्याळावाचून स्थान सांगण्याच्या कामी तो निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडलेला उपग्रह उष्णताकवच न उघडल्याने वाया गेला. अखेर १२ एप्रिल २०१८ रोजी दुसरा उपग्रह कक्षेत पोचला. पुढे २९ मे २०२३ रोजी उडालेल्या उपग्रहात प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ होते. ते अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात घडले.

आपण पाच मिनिटे उशिरा आलो, तर ‘त्यात काय एवढे!’ म्हणून हसण्यावारी नेतो. समुद्रावर गेलेला घरधनी मात्र अशा घड्याळांच्या भरवशावर परततो, ज्यांना क्षणाच्या कोट्यंशाचाही हिशेब द्यावा लागतो.