पेशी चालते, बाई चालत नाही

साताऱ्यातल्या आमच्या अभ्यासवर्गाला परवा एक मुलगी उशिरा आली. एम.एस्सी. करते. उशीर का झाला विचारलं तर म्हणाली, "हेला वाढायला ठेवल्यात, आज त्यांचं मीडियम बदलायचं होतं." हेला म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. "कॅन्सरच्या पेशींचं नाव आहे," ती म्हणाली. नाव कुणाचं, हे तिला ठाऊक नव्हतं. सरांनी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. तेवढ्यात आमचाच एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "ताई, ते प्रयोगशाळेतलं राहू द्या. इथं ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात. पेशी हा आपला विषय नाही."

हा लेख त्या दादांना उत्तर आहे. पेशी हा आपला विषय आहे, कारण ज्या देहातून त्या येतात तो बहुतेक वेळा आपल्यासारख्यांचा असतो आणि त्यातून निघणारं ज्ञान मात्र आपल्या वस्तीपर्यंत पोचत नाही.

हेला हे एका बाईचं नाव आहे. हेन्रिएटा लॅक्स, या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून केलेलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतात राबलेली कृष्णवर्णीय बाई, पाच लेकरांची आई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. काळ्यांचा वॉर्ड वेगळा होता. रेडियमचा उपचार करताना डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून संशोधकांकडे पाठवला. तिला विचारलं नाही. त्या काळी विचारायची रीतही नव्हती. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी ती वारली. वय ३१. पुढची कित्येक दशकं तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

देहातून काढलेल्या पेशी क्षार, साखर, अमिनो आम्लं आणि रक्तद्रव घातलेल्या पाण्यात, शरीराइतक्या उबेत ठेवल्या की काही काळ वाढतात. साध्या पेशी चाळीस-साठ वेळा दुभंगतात आणि थांबतात. हेन्रिएटाच्या पेशी थांबल्या नाहीत. दिवसाला दुप्पट होत राहिल्या, आजही होत आहेत. पोलिओच्या लसीची तपासणी त्यांच्यावर झाली. १९५० च्या दशकात टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत काळे शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ आठवड्याला सुमारे २० हजार नळ्या भरून देशभर पाठवत होते. आणि त्याच टस्कीगीत, त्याच काळात, सरकारी आरोग्य खातं उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना औषध न देता, रोग कसा वाढतो ते नुसतं बघत बसलं होतं. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं. एकाच गावात काळ्या माणसाच्या हातानं जगाचा जीव वाचत होता आणि काळ्या माणसाचाच जीव जाऊ दिला जात होता.

हेन्रिएटाच्या घरच्यांना हे सगळं १९७३ च्या सुमारास कळलं. तोवर त्या पेशींवर धंदा उभा राहिला होता आणि तिच्या मुलांकडे दवाखान्याचा विमा नव्हता. एका मोठ्या कंपनीनं त्या कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये. बहात्तर वर्षांनी!

आता या गोष्टीतला आपल्या ओळखीचा भाग. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की वेगवेगळ्या माणसांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ पेशी-वंशांत खरं तर हेलाच वाढत आहेत. पुरावा काय, तर त्या काळी फक्त कृष्णवर्णीयांत आढळलेलं एका विकराचं रूप या सगळ्यांत सापडलं होतं. त्यातल्या काही पेशी गोऱ्यांच्या म्हणून नोंदवलेल्या होत्या. म्हणजे पिपेट नीट न सांभाळणाऱ्या हातांनी एका बाटलीतला थेंब दुसरीत नेला होता. ही खरी वैज्ञानिक चूक होती आणि ती पकडली हे चांगलंच झालं. पण त्यानंतर बोलणं कसं सुरू झालं ते बघा. हेला आक्रमक आहे, हेला घुसखोर आहे, हेलानं सगळं बाटवलं. चूक हाताची, बोल बाईला.

बाटवणं हा शब्द साताऱ्याच्या माणसाला नवा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव याच साताऱ्यात हायस्कुलात दाखल झाले. आपण तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. शाळेतल्या नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिपायानं तोटी फिरवली तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. पुढं मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीनं गोरेगावला जाताना त्या लेकरांना रात्रभर पाणी मिळालं नाही. जातीच्या शास्त्रात स्पर्शानं पाणी बाटतं. प्रयोगशाळेच्या शास्त्रात मात्र हात कुणाचाही असो, तो स्पिरिटनं पुसल्याशिवाय बाटलीला लागता कामा नये. ब्राह्मणाच्या हातावरचे जिवाणू आणि मातंगाच्या हातावरचे जिवाणू पेशींना सारखेच मारतात. खरी स्वच्छता ही अशी असते, ती जन्म विचारत नाही. म्हणून आम्ही विज्ञानाच्या बाजूचे आहोत. आमचं भांडण आहे ते विज्ञानाच्या दारात उभ्या असलेल्या शिपायाशी. तोटी अजून त्याच्याच हातात आहे.

हे साताऱ्या-सांगलीत कसं दिसतं, ते आता सांगतो.

हेलाच्या पेशी थांबत का नाहीत, याचं उत्तर १९८० च्या दशकात मिळालं. हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या चमूला त्यांच्यात एचपीव्ही-१८ हा विषाणू सापडला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो हे सिद्ध झालं. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधातूनच एचपीव्हीची लस आली आणि एचपीव्हीची चाचणीही. म्हणजे हेन्रिएटाला ज्या आजारानं मारलं, त्या आजाराची गुरुकिल्ली तिच्याच पेशींनी द्यायला मदत केली.

ही चाचणी खरंच जीव वाचवते का, हे तपासलं गेलं ते आपल्या महाराष्ट्रात. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायांचा अभ्यास झाला. गावांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटात तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात, सुमारे ३४ हजार बायांत, या कॅन्सरनं ३४ मृत्यू. चौथ्या गटात, सुमारे ३१ हजार बायांत, ६४ मृत्यू. एकदाच केलेल्या चाचणीनं मरण निम्म्यावर येतं हे जगाला कळलं. महत्त्वाचं ज्ञान आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण चौथ्या गटाबद्दल प्रश्न विचारल्यावर या प्रकारच्या अभ्यासांचा बचाव असा झाला, की एरवीही भारतात या बायांची तपासणी होतच नव्हती. अहो, एरवीही होत नव्हती, हाच तर आमचा आरोप आहे!

याच बाया, बीड आणि धाराशिवकडच्या, दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे येतात. कराड, वाळवा, पलूस, कोरेगाव. उसाच्या फडाकडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर, एक दिवस बुडाला की खाडा. त्यात पाळी आली, अंगावरून जायला लागलं, पोट दुखलं, तरी मोळी उचलायचीच. मग कुणीतरी डॉक्टर सांगतो, "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका." २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, आपल्या बौद्ध बाया आहेत.

बघा, बाईपर्यंत काय पोचलं आणि काय पोचलं नाही. कॅन्सरची भीती पोचली, ऑपरेशनचं बिल पोचलं, त्यासाठी घेतलेली नवी उचल पोचली. चाचणी पोचली नाही. तीस वर्षांवरच्या बायांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे म्हणतात. आहे. पण नाव गावाकडच्या यादीत आणि बाई सहा महिने आपल्या फडात.

एक प्रसंग आमच्या डोळ्यांसमोरचा. वाळवा तालुक्यातल्या फडावरच्या एका बाईला घेऊन आम्ही एका रुग्णालयात गेलो होतो. तिच्यापुढं इंग्रजी कागद आला. "इथं अंगठा." कशासाठी, असं आम्ही विचारलं. "रुटीन आहे, मॅडम." वाचून बघितलं तर त्यात ऑपरेशनची संमती होती आणि खाली एक ओळ, की काढलेली ऊती शिक्षण व संशोधनासाठी वापरता येईल. ती ओळ वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. कदाचित तिनं हो म्हटलंही असतं. पण तिला ते कुणी मराठीत सांगितलंच नव्हतं. आणि काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल मिळायला आम्हाला तीन खेटे घालावे लागले.

कायदा काय म्हणतो? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचना सांगतात, की नमुना देणारी व्यक्तीच त्या नमुन्याची मालक, संस्था फक्त विश्वस्त. उत्तम. पण या सूचना आहेत, संसदेचा कायदा नाही. याउलट जैवविविधता कायदा २००२ चा आहे. कोयनेच्या रानातला पाला कंपनीनं नेऊन त्यातून माल काढला, तर स्थानिकांना वाटा देण्याची तरतूद त्यात आहे. गावोगावी त्यासाठी समित्या आहेत. त्याच कायद्याच्या व्याख्येतून मानवी जनुकीय सामग्री वगळली आहे. म्हणजे रानातल्या पाल्याला कायदा आणि बाईच्या पेशीला सूचना!

संमती नुसत्या सूचनेवर सोडली की काय होतं, ते २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात दिसलं. आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात कित्येक संमतीपत्रांवर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. यावरून लसच वाईट, असा प्रचार आपल्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो. तो थांबवा. लस चांगली आहे, आपल्या पोरींना ती मिळालीच पाहिजे. चोरी झाली होती ती संमतीची.

म्हणून दोन टोकांना आमचा विरोध आहे. एक टोक म्हणतं, विज्ञान हे सवर्णांचं कारस्थान, त्यापासून लांब राहा. दुसरं म्हणतं, फुकट उपचार मिळतात ना, मग प्रश्न विचारू नका. पहिलं टोक आपल्याला पुन्हा नळापासून लांब नेतं. दुसरं शिपायापुढं ओंजळ धरायला लावतं. तोटी आपल्या हातानं फिरवायची, हा बाबासाहेबांचा रस्ता आहे. महाडला आपण पाणी मागायला नाही, हक्क बजावायला गेलो होतो.

मग करायचं काय? चार गोष्टी.

संमतीपत्र मराठीत हवं, बाईला वाचून दाखवायला हवं, त्याची प्रत तिच्या हातात हवी. ऑपरेशनची संमती वेगळी आणि संशोधनाची वेगळी. काढलेल्या अवयवाचा अहवाल मागण्याआधी मिळाला पाहिजे.

दुसरं, गळीत हंगाम चालू असतानाच सातारा-सांगलीच्या प्रत्येक कारखान्याच्या फडावर या कॅन्सरची तपासणी आली पाहिजे. तपासणीच्या दिवशी खाडा लागता कामा नये. साखर आयुक्तालय, जिल्हा परिषद, कारखाना, तिघांना निवेदन द्या. निवेदनावर मुकादमाचा नव्हे, बायांचा अंगठा घ्या, आणि आधी त्यांना ते वाचून दाखवा.

तिसरं, नैतिकता समित्या. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार समितीवर किमान सात सदस्य, त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे हवेत. त्यात एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार, एक समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, निदान एक स्त्री. सातारा, कराड, सांगली, मिरज, सगळीकडे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या समित्यांवर ही माणसं कोण आहेत, ते माहितीच्या अधिकारात किंवा सरळ पत्र लिहून विचारा. आपल्याकडे एल्एल.बी. झालेले आहेत, एम.एस.डब्ल्यू. झालेले आहेत. त्यांनी अर्ज करा. मोर्चा दरवाजापर्यंत नेतो, खुर्ची आत बसवते.

चौथं, आपली पोरं प्रयोगशाळेत जाऊ द्या. देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत उभी केली. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथून देशभर पेशी जातात. हे सगळं आपल्या मुलुखात आहे. त्या दारातून आपली पोर आत गेली तर "आपला विषय नाही" असं म्हणून तिला मागं ओढू नका. अडकलेल्या स्कॉलरशिपसाठी लढायचं ते याचसाठी ना?

ती मुलगी पुढच्या वर्गाला वेळेवर आली. म्हणाली, "फ्लास्कवर आम्ही तारीख आणि हेला एवढंच लिहितो. मी या वेळी पूर्ण नाव लिहिलं." सर काय म्हणाले, असं आम्ही विचारलं. सरांनी विचारलं म्हणे, ही कोण? मग तिनं सांगितलं.

दादा, तुम्हीही त्या दिवशी वर्गात होतात. पुढच्या रविवारी फडावर यायचं आहे. बायांच्या नावांची यादी करायची आहे, पूर्ण नावांची.

जय भीम!