पोट ‘सुटलं’ म्हणण्याआधी



बाळाला बघायला आलेली पाहुणी आधी बाळाकडे बघते आणि मग आईच्या पोटाकडे. ‘अजून पाचवा महिना असल्यासारखं दिसतंय गं, पट्टा बांधला नाहीस का?’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं आहे. ऐकणारी बिचारी त्याच रात्री मोबाइलवर व्यायाम शोधते आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर झोपून कंबरेतून उठण्याचा सपाटा लावते. माझं स्पष्ट मत आहे की हा व्यायाम तपासणी केल्याशिवाय कोणत्याही बाळंतिणीने करू नये, आणि घरातल्या मोठ्यांनी तिला तो करायला लावू नये.

कारण साधं आहे. आपल्या पोटावर बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात आणि मधोमध त्यांना जोडणारी चिवट शिवण असते. गर्भ वाढतो तशी ही शिवण ताणून रुंद होते आणि पट्टे एकमेकांपासून दुरावतात. डॉक्टर याला ‘डायस्टॅसिस रेक्टाय’ म्हणतात. हे चरबीमुळे होत नाही, त्यामुळे जेवण कमी करून ते जात नाही.

नॉर्वेतल्या ३०० पहिलटकरणींची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी त्यांतल्या ६० टक्के जणींत हा दुरावा होता, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्के आणि वर्षाने सुमारे ३३ टक्के जणींत. बहुतेकींचा दुरावा सौम्य होता आणि दुरावा असलेल्यांना कंबरदुखी जास्त होती असंही दिसलं नाही. मी वाणिज्य शाखेची, मला या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. बऱ्याच जणींचं वेळ दिला की भरून येतं, आणि तिघींतल्या एकीचं वर्ष उलटलं तरी राहतं. तेव्हा घाबरायचं कारण नाही आणि लाजायचं तर मुळीच नाही.

तपासायचं कसं? पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवा आणि डोकं जरासं उचला. दोन्ही बाजूंनी स्नायू कडक लागतील, मधली जागा किती बोटांची आहे ते बघा. बेंबीपाशी आणि खालीही तसंच बघा. दोन बोटांपेक्षा जास्त जागा असेल किंवा आत फार मऊ लागत असेल, तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. बेंबीपाशी गाठ आली, दुखू लागली, आत जाईना किंवा उलट्या होऊ लागल्या तर तो हर्निया असू शकतो. तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठा.

घरी करायचे व्यायाम हळू आणि थोडे असावेत. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

पहिला श्वासाचा. गुडघे वाकवून झोपा, श्वास घेताना पोट फुगू द्या. सोडताना लघवी अडवल्यासारखं खालचे स्नायू वर ओढा आणि बेंबी अलगद पाठीकडे न्या. पाच अंक मोजा, सोडा. आठ-दहा वेळा पुरे.

दुसरा कंबरेचा. त्याच स्थितीत श्वास सोडत कंबर जमिनीला टेकवा, मग सैल सोडा.

तिसरा टाचेचा. पोट तसंच आत ठेवून एक टाच जमिनीवरून पुढे सरकवा, परत आणा, मग दुसरी.

हे सोपं वाटू लागल्यावरच पुढचे व्यायाम विचारून घ्या. करताना पोटाच्या मधोमध उभी कड वर आली, तर तो व्यायाम अजून तुमच्यासाठी नाही असं समजा. दोन्ही पाय एकदम उचलणं, नौकासन, कपालभाती हे सुरुवातीला नकोच. अंथरुणातून उठतानाही आधी कुशीवर वळा आणि मग हाताच्या आधाराने उठा. पट्ट्याने आधार वाटतो, पण त्याने स्नायूंना बळ येत नाही. करकचून तर कधीच बांधू नये.

आता आपल्या घरांविषयी. बद्धकोष्ठाने कुंथावं लागलं की ताण याच शिवणीवर येतो. घरात चौविहार असला तरी अंगावर पाजणाऱ्या आईला तहान मारायला लावू नका. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी माणसं आपण, ती काळजी घरातल्या बाळंतिणीच्या वाट्यालाही यायला हवी. सामायिक जमिनीवर बसून जमत नसेल तर तिला खुर्ची द्या.

खरा प्रश्न ओझ्याचा आहे. दिवसातून पंधरा मिनिटं व्यायाम आणि उरलेला वेळ भरलेल्या बादल्या, ओल्या कपड्यांचं पिंप, गॅसचं सिलिंडर, असा हिशेब कधी जमेकडे झुकणार नाही. आमच्या आचऱ्याच्या गावपळणीत सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. तेव्हा कोण काय उचलणार हे घराघरात ठरवावंच लागतं. बाळंतीण घरात असताना निदान पहिले काही महिने तसंच ठरवून टाका. बाळापेक्षा जड काही तिने उचलायचं नाही, हे सासूने एकदा सांगितलं की घरातले पुरुषही ऐकतात.

आशाताई बाळ बघायला बेचाळिसाव्या दिवशीही घरी येतात. त्या दिवशी बाळाचं वजन होतं, आईच्या पोटाचा विषय निघत नाही. तो आपण काढावा आणि आरोग्य केंद्रात तिचीही तपासणी मागावी. गावात फिजिओथेरपिस्ट दाराशी नसतो, मालवण किंवा ओरोसपर्यंत जावं लागतं. बाळाच्या लसीसाठी आपण दिवस मोडतो, तसा एक दिवस तिच्यासाठीही मोडावा.

आणि पाहुणी म्हणून गेलात तर पोटाकडे बघू नका. बादली उचलून द्या.