पोटरीतला गोळा आणि चिमूटभर मीठ

एप्रिल लागला की आमच्या कुरुंदवाड परिसरात रात्रीच्या वेळी एक तक्रार हमखास ऐकू येते. दिवसभर वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा उसाच्या भांगलणीला गेलेला माणूस घरी येतो, जेवतो, आडवा होतो आणि थोड्याच वेळात पोटरी धरून कळवळत उठतो. कोणी म्हणते गोळा आला, कोणी म्हणते वांब आला. आपल्या घरांत तर ठरलेले वाक्य आहे, ‘नस पे नस चढ गई.’ मग तेल लावून चोळायचे, बिस्मिल्लाह म्हणून झोपायचे आणि सकाळी पुन्हा त्याच उन्हात कामाला जायचे.

खरे म्हणजे नसेवर नस चढत नाही. पोटरीचा, मांडीचा, दंडाचा किंवा पोटाचा स्नायू आपोआप आवळला जातो आणि सैल होत नाही, म्हणून तिथे हाताला गाठ लागते. उन्हात राबणाऱ्या माणसाला असे गोळे येण्यामागे घामाचा मोठा वाटा असतो. कडक उन्हात मेहनतीचे काम करताना तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि एक लिटर घामात साधारण एक ते चार ग्रॅम मीठ असते. शर्ट वाळल्यावर पाठीवर दिसणारे पांढरे डाग म्हणजे हेच मीठ. शिवाय थकलेला स्नायू आवळायला निमित्तच शोधत असतो. त्यामुळे गोळा कामाच्या वेळीच येतो असे नाही. काम संपवून विसावल्यावर किंवा रात्री झोपेतही येतो.

घरातली माणसे म्हणतात, ‘पाणी तर भरपूर प्यायले होते!’ नेमकी इथेच गफलत होते. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. आपण परत देतो ते फक्त पाणी. त्यामुळे रक्तातले मीठ आणखी पातळ होते. इंग्लंडच्या कोळसा खाणींतल्या मजुरांना असेच गोळे येत. १९२० च्या दशकात जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, खूप घाम गाळून नुसते पाणी पिणाऱ्यांना हा त्रास होतो आणि पाण्यात थोडे मीठ घालून दिले की तो कमी होतो. आपल्या आज्या-नान्या उन्हातून आलेल्याला मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे देत असत, त्यामागेही हाच अनुभव होता.

आपल्याकडे आणखी एक समजूत आहे. ‘आमचे ऊन काय चंद्रपूरसारखे थोडेच आहे?’ पारा तिकडच्याइतका चढत नाही हे खरे. पण कृष्णा-पंचगंगेच्या काठावर चहूकडे ऊस उभा असतो. उसाच्या सरीत वारा शिरत नाही, हवा दमट राहते आणि घाम लवकर वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. तिथे उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. ती माणसे ओझे वाहत नव्हती, उघड्यावर बसून होती. म्हणून पाऱ्याच्या आकड्यावर विसंबून राहू नये.

गोळा आला तर काय करावे?

काम ताबडतोब थांबवून सावलीत बसावे. कपडे सैल करावेत. पोटरीत गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हळूहळू स्वतःकडे ओढावीत आणि तसेच धरून ठेवावे. हलक्या हाताने चोळावे. झटके देऊ नयेत. मग ओआरएस घोटघोट प्यावे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, लहान. मीठ अंदाजाने जास्त टाकू नये. चव अश्रूंपेक्षा खारट नको. मिठाच्या गोळ्या किंवा नुसते मीठ खाऊ नये. इफ्तारला करतो त्या लाल सरबतात साखर असते, मीठ नसते, हेही ध्यानात ठेवावे. गोळा गेला तरी पुढचे काही तास मेहनतीचे काम करू नये. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मिठाचे आणि मधुमेह असलेल्यांनी साखरेचे प्रमाण आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

गोळा तासाभरात गेला नाही तर दवाखान्यात जावे. चक्कर, मळमळ, डोके दुखणे, खूप अशक्तपणा ही पुढची पायरी आहे. माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपली किंवा अंग तापून फणफणले तर तो उष्माघात समजावा. लगेच १०८ ला फोन करावा, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

भगिनींसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. शेतावर आडोसा नाही, म्हणून कितीतरी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी चुलीपुढे उभ्या राहिल्या की पायात गोळे येतात आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणून विषय संपतो. कामाच्या जागी आडोशाची सोय मागणे यात लाज कसली? हे घरातल्या पुरुषांनी मालकाशी, मुकादमाशी बोलायला हवे.

दुसरी गोष्ट रोज्यांची. रमजान आता उन्हाळ्यातून मागे सरकला असला तरी शव्वालचे सहा रोजे आणि राहिलेले कजा रोजे अनेक भगिनी याच दिवसांत धरतात. कजा रोजे सलग धरण्याची अट नाही, आणि पुढच्या रमजानपर्यंत अवधी असतो. उन्हात राबायचे नसेल असे दिवस निवडावेत. रोज्यात गोळे येऊन चक्कर येऊ लागली तर जिवावर बेतेपर्यंत ताणू नये. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला दुसऱ्या दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत दिलेली आहे. शंका असेल तर जवळच्या आलिमांना विचारावे. सहेरीला ताक, दही, फळे आणि भरपूर पाणी घ्यावे. लोणचे-पापडावर भागवू नये.

उद्या सकाळी डबा भरताना पाण्याच्या बाटलीशेजारी मीठ-साखरेच्या पाण्याची किंवा ताकाची दुसरी बाटली ठेवा. कामावर दर पंधरा-वीस मिनिटांनी घोटभर पाणी प्यायला सांगा, तहान लागण्याची वाट पाहू नका. पहिल्यांदाच उन्हाच्या कामाला निघालेल्या तरुण मुलाला तर आवर्जून सांगा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि तोवर त्याच्या घामातून मीठही जास्त जाते. आणि तो घरी आल्यावर एवढे जरूर विचारा, ‘बेटा, आज पायात गोळा आला होता का?’