बंदुकीचीही कैफियत लिहावी

खंडेनवमीच्या दिवशी मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत देवघरासमोर पाट मांडून त्यावर तलवार, कट्यार आणि भाला यांच्या जोडीला, ज्या घरी परवान्याची असेल त्या घरी, एखादी जुनी बंदूकही ठेवली जाते. तिच्या नळीला हळदीकुंकू लागते, दस्त्यावर झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि ही बंदूक कोणाची, असे एखाद्या मुलाने विचारले, तर ‘आपल्या पणजोबांच्या वेळची’ एवढ्या उत्तरावर घरातील वडीलधाऱ्यांचे ज्ञान संपते. पूजा यथासांग होते. परंतु ज्या वस्तूची पूजा केली तिचे नाव, गाव, कूळ आणि कर्म यांपैकी काहीच ठाऊक नसावे, ही गोष्ट मला दरवर्षी अधिकाधिक खेदाची वाटत आली आहे.

जुन्या लष्करी बंदुका व पिस्तुले यांचा संग्रह करणे हा आपल्याकडे कोणी श्रीमंतांचा रिकामपणचा शौक समजतो, तर कोणी त्याकडे संशयाच्या दृष्टीने पाहतो. माझे मत निराळे आहे. शस्त्रसंग्रह हे मूलतः दप्तर सांभाळण्याचेच काम आहे, आणि ज्या बंदुकीबरोबर तिची हकीकत नाही ती बंदूक कितीही जुनी असली, तरी निव्वळ लोखंड व लाकूड होय. हे काम सार्वजनिक देखरेखीखाली, कायद्याच्या चौकटीत आणि पुराव्याच्या शिस्तीने करण्याची जबाबदारी महाराष्ट्रात ज्या थोड्या जिल्ह्यांवर विशेषत्वाने येते, त्यांत जालना जिल्ह्याचा क्रम फार वरचा आहे.

याचे पहिले कारण असईच्या लढाईचे आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या असई गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली याच्या सैन्याची जी लढाई झाली, तिच्यात ईस्ट इंडिया कंपनीकडील सुमारे दीड हजार माणसे मृत किंवा जखमी झाली आणि मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या तोफांवरील गोलंदाज शेवटपर्यंत हटले नाहीत, आणि पडलेले समजून शत्रू ज्यांना ओलांडून गेला, त्यांतील कित्येकांनी पुन्हा उठून त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर डागल्या, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली उभारलेल्या कवायती कंपूंसाठी आग्र्याला तोफा ओतल्या जात आणि विलायती नमुन्यावर बंदुका घडवल्या जात. म्हणजे असईच्या शिवारात समोरासमोर आली ती एका अर्थी एकाच जातीची दोन शस्त्रे होती, एक विलायतेत घडलेले आणि दुसरे एतद्देशीय कारागिरांच्या हातचे. आणि मराठ्यांचा पराभव शस्त्रांच्या हीनतेमुळे झाला, हा समज ज्याला तपासून पाहायचा असेल, त्याला ती दोन्ही शस्त्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय असली पाहिजे.

अशी बंदूक पाहावी कशी, हेही सांगितले पाहिजे. कंपनीच्या शिपायाची चकमकीची बंदूक, जिला इंग्रज ‘ब्राउन बेस’ म्हणत, हातात घेतली, तर तिच्या नळीचे तोंड सुमारे पाऊण इंच रुंद भरते, नळीच्या आतली बाजू गुळगुळीत असते, आणि शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणे जवळजवळ व्यर्थ असल्यामुळे पलटणीने एकदम बार काढण्यातच तिचे सामर्थ्य होते. परंतु जाणकाराची नजर प्रथम जाते ती नळीवर नव्हे, तर घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर. त्या पट्टीवर जर चार भागांत विभागलेले हृदयाच्या आकाराचे चिन्ह आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे कोरलेली असतील, तर ती बंदूक १८०८ पूर्वीची समजावी. कारण त्या वर्षानंतर कंपनीने हृदयाच्या जागी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह घातला. नखाएवढ्या त्या खुणेवरून बंदूक असईच्या आधीची की नंतरची, याचा निदान पहिला अंदाज करता येतो. आणि आपल्या घरोघरी नेमक्या याच खुणेवर दरवर्षी चिंच, राख किंवा विटकरीची भुकटी घासून ती ‘लख्ख’ करण्यात येते.

दुसरे कारण जालना शहराच्या छावणीचे आहे. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जन्टचे ठाणे येथे होते. त्या काळच्या शिपायाच्या हातातील बंदूक ही राज्यकर्त्यांच्या मनाचा आरसाच होय. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींच्या हाती पेचदार नळीची, लांब पल्ल्याची रायफल देणे इंग्रजांना धोक्याचे वाटले, तेव्हा त्यांनी त्याच एन्फील्ड बंदुकीची नळी आतून गुळगुळीत करवून आणि दूरचा नेम धरण्याची सरकती पट्टी काढून तेथे साधी स्थिर खाच बसवून तिची मुद्दाम हीन केलेली आवृत्ती हिंदी शिपायांसाठी काढली. पुढे गोऱ्या सोल्जराच्या हाती मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर होती, आणि गोऱ्याला ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा मार्टिनी हिंदी शिपायाच्या वाट्याला आली; असे एका पिढीचे अंतर अनेक दशके जपण्यात आले. परकीय सत्तेचा प्रजेवरील अविश्वास सिद्ध करण्यास खलिते आणि जाहीरनामे हुडकावे लागत नाहीत. अशा एका बंदुकीच्या नळीत बोट घातले, तर तो अविश्वास बोटाच्या अग्राला लागतो.

१९०३ मध्ये कंटिन्जन्टचे स्वतंत्र अस्तित्व संपून तिच्या पलटणी हिंदी सैन्यात सामील झाल्या. पायदळाच्या पलटणींची पुढे एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट असे ठेवण्यात आले. नोव्हेंबर १९४७ मध्ये काश्मिरात बडगाम येथे धारातीर्थी पडून स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे होते. ज्या फौजेचे एक ठाणे जालन्याच्या माळावर होते तिचा वंश हिमालयाच्या पायथ्याशी कीर्तिमंत झाला, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

त्या काळच्या हिंदी जवानाच्या खांद्यावर जी रायफल होती, ती ‘थ्री-नॉट-थ्री’ आमच्या पिढीने पोलीस चौकीच्या दारात आणि छात्रसेनेच्या कवायतीत पाहिली आहे. दस्ता जेथे लोखंडाला मिळतो, त्या कड्याच्या उजव्या अंगास मुकुट, बादशहाची आद्याक्षरे, बंगालमधील इशापूर कारखान्याचे नाव आणि सालाचा आकडा अशी एकाखाली एक अक्षरे असतात. स्वातंत्र्यानंतर त्या मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. एकच अनुक्रमांक नळीवर, मुख्य सांगाड्यावर, बोल्टच्या मुठीच्या मुळाशी आणि नळीच्या टोकाच्या टोपणावर जुळत असेल, तर ती रायफल कारखान्यातून निघाली तशीच राहिली आहे असे मानण्यास बळकट आधार मिळतो. आकडे जुळत नसतील, तर तिने मध्यंतरी किती दुरुस्त्या पाहिल्या असतील याची कल्पना येते. तिच्या रिकाम्या काडतुसाच्या बुडावर पुण्याच्या खडकी कारखान्याची मोहर असेल, तर आपल्याच मुलखातील कामगारांच्या हातची वस्तू आपण पाहत आहोत, हेही ध्यानात येते. उत्तर प्रदेशाच्या पोलीस दलाने २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात या रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. तसा निरोप देणे योग्यच. परंतु निरोपानंतर त्यांतल्या काही तरी जिल्ह्याजिल्ह्याच्या संग्रहालयांत पोचाव्यात, एवढी दूरदृष्टी सरकारने दाखवली पाहिजे.

तिसरे कारण सर्वांत निकटचे आणि सर्वांत हळवे आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांनी रझाकारांचा जाच सोसला, सरहद्दीवरील छावण्यांतून तरुणांनी करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले, आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत भारतीय फौज जालन्यात शिरली. त्या दिवसांत जुलमाच्या बाजूने वापरलेली बंदूक आणि मुक्तीच्या बाजूने वापरलेली बंदूक यांत लोखंडाचा काहीच भेद नसे. भेद होता तो ती धरणाऱ्या हाताचा, आणि तो हात कोणाचा हे सांगणारे साक्षीदार आता झपाट्याने आपल्यातून जात आहेत. नळीवरच्या खुणा निदान शंभर वर्षे टिकतील. माणसाच्या स्मृतीला तेवढे आयुष्य नाही.

कायद्याचा विचार केल्याविना या विषयावर लिहिणे बेजबाबदारपणाचे होईल. .३०३ इंच आणि ९ मिलिमीटर यांसारख्या लष्करी मापाची शस्त्रे सामान्य नागरिकाला बाळगता येत नाहीत, आणि तसेच असावे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लागू झाली, आणि वरचे शस्त्र पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक ठरले. दुसऱ्या बाजूस, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने जुनाट नमुन्याची किंवा पुराणवस्तूच्या मोलाची, पण दुरुस्ती करूनही बार काढण्यास निरुपयोगी अशी शस्त्रे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत, आणि २०२० च्या नियमांनी दुर्मीळ वस्तू या वर्गातील लहान शस्त्रे केवळ बाळगण्यास परवान्याची गरज नसल्याचे म्हटले असले, तरी ती वापरण्यास वा इकडून तिकडे नेण्यास परवाना लागतोच. माझी तक्रार या निर्बंधांविरुद्ध मुळीच नाही. कायदा बंदूक मोजतो, तिचे माप घेतो, तिचा क्रमांक उतरून घेतो. परंतु जमा होणारे शस्त्र इतिहासाचे साधन आहे काय, हा प्रश्न विचारण्याचे काम कोणाकडेच नेमून दिलेले दिसत नाही, ही माझी तक्रार आहे.

शस्त्रे मांडून ठेवल्याने हिंसेचे गौरवीकरण होते, असा आक्षेप सज्जन माणसे घेतात आणि त्यामागील कळकळ मला मान्य आहे. परंतु गौरव होतो तो अज्ञानातून. कथा नसलेली बंदूक पाहून पोराला चाप ओढावासा वाटतो. आणि तीच बंदूक अमक्या शिवारात अमक्या दिवशी कोणाच्या हाती होती, तिच्यापुढे कोण उभे होते आणि सायंकाळी किती प्रेते मोजली गेली, हे शेजारी लिहिलेले असेल, तर त्याच पोराचे मन गंभीर होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात शस्त्रांची दालने आहेत; ती पाहून कोणी दंगलखोर झाल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा करावयाचे काय? जिल्हा प्रशासनाने अशी शिस्त घालावी की जमा झालेले किंवा जप्त केलेले कोणतेही जुने शस्त्र नष्ट करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या जाणत्या अधिकाऱ्याने ते मालखान्यात पाहावे, त्याच्या खुणांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मोलाचे असेल ते खुणांना धक्का न लावता निकामी करवून जिल्ह्याच्या शस्त्रदालनात रुजू करावे. जालना हे सळयांचे शहर आहे. भट्टीत गेलेल्या भंगाराचा पूर्वेतिहास उरत नाही, हे येथील माणसाला निराळे सांगावे लागत नाही. इतिहासाच्या प्राध्यापकांनी १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिदिनी आणि २३ सप्टेंबरच्या असईच्या स्मृतिदिनी व्याख्यानांवर न थांबता विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून वृद्धांच्या जबान्या लिहून घ्याव्यात. आणि ज्या घरी परवान्याचे जुने शस्त्र आहे, त्या घराने येत्या खंडेनवमीपूर्वी घासणे-पुसणे बाजूला ठेवून, मऊ कापड आणि थोडे तेल एवढ्यावरच भागवून, एका कोऱ्या कागदावर ते शस्त्र कोणी आणले, कोठून आणले, कोणत्या प्रसंगी वापरले, त्यावर कोणत्या खुणा आहेत आणि ही माहिती कोणाकडून कळली, हे सारे खाली सही व तारीख घालून लिहावे, आणि त्याची एक प्रत जिल्ह्याच्या दप्तरात द्यावी. जुन्या काळी वतनांच्या आणि घराण्यांच्या कैफियती लिहिल्या गेल्या, म्हणून आज आपल्याला त्यांचा इतिहास लिहिता येतो. ज्या शस्त्रांनी त्या वतनांचे भवितव्य ठरवले, त्यांनाही तेवढा न्याय मिळाला पाहिजे, आणि तो देण्यास एक कागद, एक लेखणी आणि घरातील वडिलांजवळ एक दुपार बसणे याहून अधिक काही लागत नाही.