भंगार कीं माल?

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या शाळेची सहल आंबवड्यास गेली होती. भोरहून सुमारें दहा किलोमीटर आंत, डोंगरांच्या कुशींत वसलेलें हें गांव नागेश्वराच्या देवालयामुळें व भोर संस्थानच्या काळांतील झुलत्या पुलामुळें सर्वांस ठाऊक आहे. पूल हलूं लागला म्हणजे मुलें ओरडतात, मोठीं माणसें हंसतात, आणि मग मंडळी झाडीखालीं बसून फराळाचे डबे सोडतात. आम्हींहि तसेंच केलें. परंतु जेवणें आटोपल्यावर ओढ्याकडे हात धुण्यास गेलेलीं मुलें बराच वेळ परतलीं नाहींत, म्हणून मी पाहावयास गेलों. पावसाळ्याच्या पुरानें झुडुपांस अडकविलेल्या पाण्याच्या बाटल्या, वेफर्सचीं पाकिटें, दुधाच्या पिशव्या आणि खताच्या गोणींचे विरलेले धागे असें सारें त्यांनीं एका रिकाम्या पोत्यांत भरावयास घेतलें होतें. त्यांत पुण्यकर्माचा भाग थोडा व कुतूहलाचा अधिक होता; कारण सातवींतल्या एका मुलानें मला लगेच विचारलें, "सर, हें विकलें तर किती पैसे येतील?"

परतीच्या वाटेवर आम्हीं भोरास एका भंगाराच्या दुकानापुढें गाडी उभी केली. दुकानदारानें पोतें जमिनीवर ओतलें, बाटल्या एकीकडे सारल्या, त्यांतील चिखलानें भरलेल्यांचा भाव निराळा सांगितला, दुधाच्या पिशव्या हुंगून बाजूस टाकल्या, आणि वेफर्सचीं पाकिटें तर पायानेंच परत लोटलीं. "हीं कोणी घेत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. हातीं जे पैसे आले त्यांत सर्वांस एकेक लिमलेटची गोळीहि आली नसती. मुलांचे चेहरे उतरले. "दोन्ही प्लास्टिकच ना? मग एक घेतात आणि एक कां नाहीं?" हा त्यांचा प्रश्न गाडींत मला नीट सोडवितां आला नाहीं. तो येथें सोडविण्याचा यत्न करीत आहें. तो प्रत्येक घरांतील आईबापांचाहि प्रश्न असल्यामुळें त्यांनींहि हें वाचावें अशी इच्छा आहे.

आपल्या तालुक्याचें नांव धारण करणारी 'भोर इंडस्ट्रीज' नांवाची एक कंपनी होती. ती प्लास्टिकचें, चामड्यासारखें दिसणारें कापड तयार करीत असे. तिचा एक खटला १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयांत निकालास लागला. कारखान्यांत मधल्याच टप्प्यावर तयार होणाऱ्या पीव्हीसीच्या कच्च्या पापुद्र्यावर अबकारी कर बसतो कीं नाहीं, एवढाच वाद होता. न्यायालयानें निर्णय दिला कीं, जी वस्तु त्या स्थितींत बाजारांत विकली जाण्याजोगी नाहीं, ती करापुरता 'माल' ठरत नाहीं. वकिलांच्या दृष्टीनें ही कराची गोष्ट झाली. मला मात्र तिच्यांत भोरच्या त्या दुकानदाराचें उत्तर सांपडलें. प्लास्टिक हें स्वभावतः भंगारहि नव्हे आणि मालहि नव्हे. कोणी तें विकत घ्यावयास उभा राहिला तर तो माल, न राहिला तर तें ओढ्यांतलें पाप. तेव्हां पुनर्निर्मित प्लास्टिकचा धंदा वाढतो कशानें आणि अडतो कोठें, हें पाहावयाचें तर गिऱ्हाईक कोण व त्याला काय हवें आहे, येथूनच आरंभ केला पाहिजे.

गिऱ्हाईक आतां नाहीं असें म्हणतां येत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें हातपिशव्या व थर्माकोलच्या ताटवाट्या बंद केल्या. केंद्र सरकारनें १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेंकावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी घातली. पण बंदीपेक्षांहि अधिक परिणामकारक गोष्ट फेब्रुवारी २०२२ मध्यें झाली. जो कारखानदार प्लास्टिकच्या वेष्टनांत आपला माल विकतो, त्यानें तितकें प्लास्टिक परत गोळा होण्याची जबाबदारी घ्यावी, आणि नव्या वेष्टनांत जुन्या प्लास्टिकचा कांहीं अंश घालावा, असें त्या नियमांनीं ठरविलें. बाटल्या-डब्यांसारख्या कडक वेष्टनांसाठीं हा अंश २०२५-२६ सालीं शेंकडा ३०, व तेथून चढत जाऊन २०२८-२९ सालीं शेंकडा ६० असा नेमून दिला. मऊ वेष्टनांस शेंकडा १० पासून, आणि ज्यांत प्लास्टिकशिवाय दुसऱ्या पदार्थाचाहि पदर असतो त्यांस शेंकडा ५ पासून आरंभ. पूर्वीं जुन्या प्लास्टिकची बादली गरीब गिऱ्हाईक स्वस्त म्हणून घेई; आतां मोठमोठ्या पेढ्यांस कायद्यानेंच तें विकत घ्यावें लागणार. धंद्याला याहून मोठा आधार कोणता?

मग अडतें कोठें? तें समजण्यासाठीं प्रत्येक विद्यार्थ्यानें घरीं एक सोपा प्रयोग करावा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक तुकडा आणि तिच्या झांकणाचा एक तुकडा कापून घमेल्यांतील पाण्यांत टाकावा. झांकण तरंगेल, बाटली बुडेल. बाटली 'पेट' नांवाच्या प्लास्टिकची, तिचें विशिष्टगुरुत्व सुमारें १.३८, झांकण पॉलिएथिलीनचें किंवा पॉलिप्रॉपिलीनचें, तें पाण्याहून हलकें. कारखान्यांतहि मोठ्या हौदांत हेंच करतात. बाटल्यांचे बारीक तुकडे करावयाचे, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यांत धुवावयाचे, हौदांत तरंगणारें वेगळें व बुडणारें वेगळें काढावयाचें, सुकवून वितळवावयाचें, चाळणींतून दोऱ्यासारखें ओढून थंड पाण्यांत सोडावयाचें आणि त्याचे दाणे कापावयाचे. त्या दाण्यांपासून पुन्हां बाटली होते, किंवा धागा होऊन त्याचें सदऱ्याचें कापड, रजईचा कापूस होतो. जो मुलगा थंडींत अंगावर स्वस्त रजई घेतो, त्यानें कधीं काळीं पाण्याच्या बाटल्याच अंगावर घेतलेल्या असण्याचा संभव आहे.

हौदाचें हें काम सुरेख दिसतें, पण पीव्हीसी नांवाचें आणखी एक प्लास्टिक आहे, आणि तेंहि पाण्यांत बुडतें. कांहीं बाटल्यांच्या लेबलांत तें असतें. पेट वितळावयास सुमारें अडीचशें अंश उष्णता लागते. तितक्या उष्णतेपूर्वींच पीव्हीसी कुजूं लागून आम्ल सोडतें आणि सगळा घाणा पिवळा पडतो. म्हणजे चार चुकार लेबलें पोतेंभर माल बिघडवूं शकतात. वेफर्सच्या पाकिटाची कथा याहून अवघड. त्यांत पातळ पदर एकमेकांस असे चिकटविलेले असतात आणि आंत धातूचा मुलामा असा बसविलेला असतो कीं, ते पुन्हां वेगळे करण्याचा खर्च मिळणाऱ्या मालाच्या किमतीहून अधिक. दुकानदारानें तें पायानें लोटलें यांत त्याचा उद्धटपणा थोडा व हिशेब अधिक होता. मदुरेचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनीं अशा टाकाऊ प्लास्टिकचा डांबरी रस्त्यांत उपयोग करण्याची रीत काढली, २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, हें खरें. सिमेंटच्या भट्ट्यांतहि तें जाळतात. पण रस्त्यांत गेलेलें पाकीट पुन्हां पाकीट होऊन येत नाहीं. माझ्या मतें ही एक सोय आहे, तिला पुनर्निर्मिति म्हणूं नये. आणि असें पाकीट बाजारांत आणणाऱ्यानेंच तें बदलावें, हें ओझें आंबवड्याच्या ओढ्यावर नसावें.

दुसरी अडचण भावाची. नवें प्लास्टिक खनिज तेलापासून होतें. तेल स्वस्त झालें कीं नवा दाणा स्वस्त, आणि जुन्याला कोणी विचारीत नाहीं. २०२० सालीं तेलाचे भाव कोसळले तेव्हां परदेशांतील पुष्कळ कारखानदारांस हा अनुभव आला. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिकच्या भंगारावरील कर शेंकडा ५ वरून १८ वर नेण्यांत आला. एका हातानें कायदा म्हणतो, जुनें घ्या. दुसऱ्या हातानें तोच जुन्यावर कर चढवितो. हें धोरण मला तरी समजलें नाहीं.

परंतु भावाच्या या साऱ्या चढउतारांत सर्वांत खालीं कोण आहे? १९९३ सालीं पुण्यांत डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. उकिरड्यावरून कागद, कांच, पत्रा आणि प्लास्टिक वेंचून पोट भरणाऱ्या बायका तिच्या सभासद. त्यांतील बहुतेक दलित समाजाच्या, निरक्षर, घरच्या कर्त्या. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, आम्ही भिकारी नव्हे, चोर नव्हे, कामकरी आहों. आम्हांस ओळखपत्र द्या. पुढें त्यांतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ सालापासून महानगरपालिकेशीं करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा दारांतूनच घेऊं लागल्या. दारांतला कचरा आणि उकिरड्यावरचा कचरा यांत जमीनअस्मानाचा फरक. दारांत मिळालेली बाटली स्वच्छ असते, तिला भाव मिळतो. तीच उकिरड्यावर भाजीच्या कुजक्या पाल्यांत लोळली कीं अर्धी किंमत गेली, आणि वेंचणारीच्या हातास जखम झाली ती निराळीच. हजारों वर्षें ज्यांस आपण दूर बसविलें, त्यांनींच हा धंदा उभा केला आहे. यंत्रें मागाहून आलीं.

आपल्या शाळेंत पांच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट सर्वांस पाठ आहे. लोक तृप्त झाल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, हें आपण सांगतों. त्या टोपल्या कोणीं वाकून भरल्या, याकडे आपलें लक्ष जात नाहीं.

पुण्याची ही रीत आंबवड्यास मात्र जशीच्या तशी लागू पडत नाहीं. येथें खरी अडचण अंतराची आहे. एक लिटरची रिकामी बाटली भरते वीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे एका किलोस चाळीस-पन्नास बाटल्या. हजार बाटल्यांनीं लहान टेंपो भरत येतो, आणि आंत वजन असतें वीस-पंचवीस किलोचें. पुण्याचा बाजार येथून साठ-सत्तर किलोमीटर. भाड्याचे पैसे मालांतून निघत नाहींत, म्हणून गांवोगांव काय होतें तें आपण जाणतों. संध्याकाळीं परसांत काडी लावतात. चुलींत पेटवणासाठीं पिशवी घालणारींहि घरें आहेत. पीव्हीसी जळालें म्हणजे आम्लाचा धूर निघतो आणि डायॉक्सिन नांवाचीं महाविषें तयार होतात. तो धूर प्रथम घेतें पाळण्यांतलें मूल. आणि जें जळत नाहीं तें पावसाळ्यांत ओढ्यानें नीरेच्या खोऱ्यांत जातें, जेथलें पाणी पुढें कालव्यांनीं बारामती-फलटणचीं शेतें पितात.

यावर कित्येक सुज्ञ गृहस्थ म्हणतात, "हा सारा खटाटोप कशाला? प्लास्टिक समूळ बंदच करा. पुनर्निर्मितीच्या नांवाखालीं कारखानदार अधिकच माल ओततात." या म्हणण्यांत तथ्य आहे, तें मी नाकारीत नाहीं. जगांत होणाऱ्या प्लास्टिकच्या कचऱ्यापैकीं शेंकडा ९ च्या आसपासच पुन्हां उपयोगांत येतो, असें ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२२ सालीं सांगितलें. शिवाय प्रत्येक वितळवणीबरोबर प्लास्टिकचा कस उतरतो. २०२३ सालीं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणींत असें उघडकीस आलें कीं, कांहीं कारखान्यांनीं न केलेल्या पुनर्निर्मितीचीं लाखों खोटीं प्रमाणपत्रें काढून विकलीं होतीं. भंगारवाल्याच्या तराजूवर आपण संशय घेतों, येथें तर मालच नव्हता. तरीहि शेतकऱ्याच्या ठिबकाच्या नळ्या, खताची गोणी, दवाखान्यांतील सलाईनची बाटली हीं उद्यां बंद होणार नाहींत. जोंवर तीं आहेत तोंवर तीं परत गेलींच पाहिजेत, आणि परत नेण्याचा खर्च ज्यानें तीं विकलीं त्यानें सोसला पाहिजे. नियमानें त्याच्याकडून जो पैसा निघतो तो शहराच्या वेशीपाशींच संपूं नये. आंबवड्यापासून भोरपर्यंतचें टेंपोचें भाडें त्यांतून निघावें, एवढीच माझी मागणी आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यांत ग्रामीण भागासाठीं दर तालुक्यास प्लास्टिकचें एक केंद्र व त्यासाठीं १६ लक्ष रुपयांपर्यंत रक्कम अशी तरतूद आहे. तेथें दाबयंत्र असलें म्हणजे टेंपोभर बाटल्यांचा एक लहानसा गठ्ठा होतो, आणि मग पुण्याचें भाडें परवडूं लागतें.

घराकडून फार थोडें लागतें: बाटली खळबळून, चेपून, लेबल काढून कोरड्या पोत्यांत टाकणें, दुधाची पिशवी कापतांना कोपऱ्याचा तुकडा वेगळा न होऊं देणें, आणि ती धुऊन दोरीवर वाळविणें. आमच्या सातवीच्या वर्गानें जानेवारीपासून हें आरंभिलें आहे. पुन्हां त्याच दुकानीं गेलों तेव्हां धुतलेल्या पिशव्या त्यानें घेतल्या, आणि बाटल्यांस वरचा भाव दिला. लिमलेटच्या गोळ्या या खेपेस सर्वांस पुरल्या.

पाकिटांचें पोतें तेवढें अजून शाळेच्या पडवींत आहे. तालुक्याचें केंद्र तें घेईल काय, अशी विचारणा करणारें पत्र मुलांनीं स्वतः लिहून धाडलें आहे. उत्तर आल्यास पुढील अंकांत छापूं.